‘का केलेस?’

‘असे का केलेस?’ हा प्रश्न शाळेत मी हजारो वेळा विचारला असेल. उत्तर मिळाले नाही असे क्वचितच घडले. परंतु उत्तर देणारा आणि कृती करणारा हे दोघे एकच असतात काय, अशी शंका एका प्रयोगाची हकिकत वाचल्यापासून मनात घर करून आहे.

मेंदूचे दोन गोलार्ध सुमारे २० कोटी तंतूंच्या जाड पट्ट्याने जोडलेले असतात. अपस्माराचे झटके औषधांनी आटोक्यात येईनात, तेव्हा काही रुग्णांचा हा पट्टा शस्त्रक्रियेने छेदण्यात आला. असे रुग्ण वरकरणी आपल्यासारखेच बोलतात, वागतात. त्यांच्यावरील संशोधनाबद्दल रॉजर स्पेरी यांना १९८१ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

स्पेरी यांचे शिष्य मायकेल गॅझानिगा व त्यांचे सहकारी जोसेफ लेडू यांनी १९७८ साली प्रसिद्ध केलेला प्रयोग असा : अशाच एका मुलाच्या डाव्या, बोलक्या गोलार्धाला कोंबडीच्या पंजाचे चित्र दाखविले आणि उजव्या, मुक्या गोलार्धाला बर्फाने वेढलेल्या घराचे. मग समोरच्या चित्रांतून जुळणारे निवडावयास सांगितले. उजव्या हाताने कोंबडी निवडली, डाव्याने फावडे. दोन्ही निवडी अचूक! ‘का?’ असे विचारले. बोलणाऱ्या गोलार्धाने बर्फ पाहिलेच नव्हते. त्याने ‘ठाऊक नाही’ म्हणावयास हवे होते. पण मुलाने सहज सांगून टाकले की पंजा कोंबडीचा, आणि खुराडे साफ करावयास फावडे लागतेच.

तो खोटे बोलत नव्हता, हेच विलक्षण. घडून गेलेल्या गोष्टीला कारण जोडून ‘मी’ची अखंड कथा रचणाऱ्या या यंत्रणेला गॅझानिगा यांनी ‘अर्थ लावणारा’ म्हटले. पट्टा शाबूत असलेल्या आपणा सर्वांतही तो अहोरात्र कामात असतो, असे त्यांचे मत. मला ते पटते. न पटून सांगतो कोणाला?

पुष्कळ वर्षांपूर्वी एका मुलाने खिडकीची काच फोडली. ‘का?’ म्हणून दरडावले, तर तो म्हणाला, ‘ठाऊक नाही, सर.’ मला तो उर्मटपणा वाटला. मी त्याला दिवसभर वर्गाबाहेर उभे केले. संध्याकाळी एका ज्येष्ठ सहकाऱ्याने मला विचारले, एवढी शिक्षा कशासाठी? ‘शिस्तीसाठी,’ मी तत्काळ उत्तरलो. त्या सकाळी घरी झालेली कडाक्याची बोलाचाली मला तेव्हा आठवलीसुद्धा नव्हती.