गाडीची थरथर आणि न जुळणारा ताळा



आपण सगळे इथे बहुतेक जुन्या वाड्यांबद्दल, रामबागेतल्या गणपतीबद्दल, होळकरांच्या काळात आपले पणजोबा इंदूरला कसे आले त्याबद्दल लिहितो. मीही लिहिलंय. आज मात्र विषय जरा वेगळा आहे. माझ्या नातवाची गाडी थरथरत होती, आणि त्या थरथरीवरून आमच्या घरात चार महिने बापलेक एकमेकांशी धड बोलत नव्हते. मी काही इंजिनीयर नाही. बी.कॉम. झालो, राष्ट्रीयीकृत बँकेत चौतीस वर्षं नोकरी केली, आता पंच्याहत्तरीत आहे. तरी या प्रकरणात माझं एक मत तयार झालंय, ते मांडतो. पटलं तर घ्या, नाही तर सोडून द्या.

आधी नातवाचा छंद सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. त्याच्याकडे एक जुनी गाडी आहे. इंजिन पुढे आणि जोर मागच्या चाकांना, आपल्या ॲम्बॅसेडरसारखी. हल्लीच्या बहुतेक लहान गाड्यांत जोर पुढच्याच चाकांना असतो. या गाडीनं तो ‘ड्रिफ्ट’ करतो. म्हणजे वळणावर मुद्दाम मागची चाकं घसरवायची आणि गाडी तिरकी ठेवून, स्टिअरिंग उलट्या बाजूला धरून, ताबा न सोडता वळण काढायचं. हा प्रकार जपानचा. तिथल्या घाटरस्त्यांवर पोरांनी तो वाढवला, मग रीतसर स्पर्धा सुरू झाल्या. केइची त्सुचिया हे त्यातलं मोठं नाव, असं नातू सांगतो. तो हे रस्त्यावर करत नाही. ओळखीच्यांचं एक बंद आवार आहे, तिथे परवानगीनं, हेल्मेट घालून, दोनचार मित्र करतात. रस्त्यावर केलंस तर किल्ली माझ्या कपाटात जाईल, हे मी त्याला आधीच सांगून ठेवलंय.

इंदूरला गाड्यांचं वेड नवीन नाही म्हणा. यशवंतराव होळकर महाराजांनी 1930 च्या दशकात अमेरिकेची ड्युसेनबर्ग खास स्वतःसाठी बनवून घेतली होती. आता तर पीथमपूरला 11.3 किलोमीटरचा वाहन चाचणीचा ट्रॅक झालाय, 2021 पासून तो सुरू आहे. पोरांच्या गप्पांत गाड्या येणारच.

तर झालं असं. दिवाळीनंतर नातवाची गाडी थरथरायला लागली. सरळ रस्त्यावर सत्तरच्या आसपास थोडी गुंजायची, पण ड्रिफ्ट करताना अशी घुमायची की सीटखालची पत्री वाजायची. माझ्या मुलाचा निकाल तयारच होता. “गाडी आडवी घसरवतो, मग थरथरणार नाही तर काय करणार? विकून टाक.” नातू म्हणाला, “बाबा, याचा त्याच्याशी संबंध नाही.” मुलगा म्हणाला, “मग कशाशी आहे, सांग.” ते नातवाला सांगता येईना. झालं. एकाच टेबलावर जेवायचे, पण आमटी वाढायलासुद्धा आईला मध्ये घ्यायचे.

नातवानं काय केलं? गॅरेजला गेला. तिथले मिस्त्री म्हणाले, “टायर का चक्कर है.” मागचे दोन टायर बदलले. थरथर कायम. मग चारी चाकांचं बॅलन्सिंग, अलाइनमेंट. कायम. मग इंजिन फाउंडेशनची रबरं नवी टाकली. कायम. एकूण खर्च 23,400 रुपये, पहिल्या पगाराच्या साठवणीतला. ती बिलं त्यानं मला दाखवली तेव्हा मला माझी शाखा आठवली.

बँकेतल्या मंडळींना हे लगेच कळेल. पूर्वी बचत खात्यांची लेजरं हातानं लिहायची. ठरावीक दिवशी सगळ्या खात्यांच्या शिलकांची बेरीज जनरल लेजरशी जुळवायची. नाही जुळली तर फरक शोधायचा. तो सापडेना की मोह व्हायचा, टाका सस्पेन्समध्ये! उचंत खात्यात रक्कम टाकली की कागदावर दोन्ही बाजू जुळतात आणि माणूस घरी जायला मोकळा होतो. चूक मात्र जिथे आहे तिथेच बसलेली असते. कारण न शोधता एकामागून एक भाग बदलत जाणं म्हणजे नेमकं हेच. बिल होतं, काम झाल्यासारखं वाटतं, आणि फरक तसाच राहतो.

आता माझीच एक गोष्ट सांगतो, फारशी अभिमानाची नाही. 1979 साल. एका लेजरात 5,400 रुपयांचा फरक आला. तेव्हा ही रक्कम मोठी होती. त्या लेजरावर एक नवा क्लार्क बसत होता, जेमतेम बावीस वर्षांचा, अबोल. मी तेव्हा नुकताच ऑफिसर झालो होतो. चार माणसांसमोर मी मॅनेजरसाहेबांना म्हणालो, “त्याच्याच नोंदी तपासा, तिथेच सापडेल.” पुरावा काय होता माझ्याकडे? काही नाही. तो नवा होता, आणि डोळ्यांसमोर बसला होता, एवढंच.

तीन रात्री बसलो. शेवटी एका जुन्या हेडक्लार्कनं दोन गोष्टी विचारल्या. पहिली, “फरकाला 9 नं भाग जातो का?” गेला, 600 आले. भाग पूर्ण गेला की आकड्यांची अदलाबदल झाल्याची दाट शंका घ्यायची, हे कॉमर्सच्या पोरालाही ठाऊक असतं. 600 आले म्हणजे हजाराच्या आणि शेकड्याच्या घरातल्या आकड्यांत 6 चा फरक. दुसरी गोष्ट, “हे लेजर शेवटचं कधी टॅली झालं होतं?” तारीख काढली. तो पोरगा या लेजरावर यायच्या दीड महिना आधीची निघाली! त्या मधल्या काळातली पानं चाळली, तेव्हा एका खात्याचे 7,100 नव्या पानावर ओढताना 1,700 लिहिलेले सापडले. अक्षर बदली होऊन गेलेल्या दुसऱ्याच माणसाचं.

मी त्या पोराची माफी मागितली. “चालायचंच साहेब,” म्हणाला. पण त्यानंतर तो आमच्याबरोबर डबा खायला कधी बसला नाही. वर्षभरात बदली मागून गेला.

म्हणून नातवाला मी पहिला प्रश्न तोच विचारला. “थरथर नव्हती असा शेवटचा दिवस कोणता?”

तो थबकला. चार महिन्यांत हे त्याला कोणी विचारलंच नव्हतं. मग म्हणाला, “दिवाळीत क्लचप्लेट बदलली ना आजोबा, त्याच्या आधी एकदम बरोबर होती.”

बस्स. मधली पानं सापडली! आता फक्त तीच चाळायची होती. तरी घाई नको, एकेक संशयित रीतसर वगळू, असं ठरलं.

थरथर कुठे जाणवते? स्टिअरिंगमध्ये नाही, सीटमध्ये आणि जमिनीत. म्हणजे पुढच्या चाकांवरचा संशय कमी झाला. गाडी उभी ठेवून, न्यूट्रलमध्ये इंजिन वेगात फिरवलं. काही नाही. मग एका रविवारी सकाळी साडेसहाला बायपासवर गेलो. मी मागच्या सीटवर, हातात फोन. आवाजाचे सेकंदाला किती कंप होतात ते मोजणारं ॲप असतं, ते नातवानं टाकून दिलं होतं. ताशी 72 चा वेग धरला, मागेपुढे कोणी नाही हे बघून गाडी न्यूट्रलमध्ये सोडली. इंजिनचा वेग खाली आला, गुंजणं तसंच. म्हणजे इंजिन निर्दोष. उरलं फक्त गाडीच्या वेगाबरोबर फिरणारं, म्हणजे चाकं, मागचा ॲक्सल किंवा मधला प्रोपेलर शाफ्ट.

आता हिशेब माझ्या हातातला होता. ताशी 72 म्हणजे सेकंदाला 20 मीटर. चाकाचा घेर साधारण 2 मीटर, म्हणजे चाक सेकंदाला 10 फेरे मारतं. मागच्या हाउसिंगमधल्या दात्यांचं प्रमाण सुमारे चारास एक, म्हणजे शाफ्टचे फेरे 40. फोनवर आकडा दिसत होता 80 च्या आसपास. चाकाचा दोष असता तर 10 किंवा त्याच्या जवळचा काही आकडा आला असता. शाफ्ट नुसता वाकला असता तर 40. मग 80 कुठून? शाफ्टच्या एका फेऱ्यात दोनदा काहीतरी घडत होतं. यात एक चकवाही आहे. चार सिलिंडरचं इंजिन एका फेऱ्यात दोन ठोके देतं आणि चौथ्या गिअरला इंजिन आणि शाफ्ट एकाच वेगानं फिरतात. तिथेही 80 च येतात! न्यूट्रलची परीक्षा केली नसती तर आम्ही इंजिन खोलून बसलो असतो.

शाफ्टच्या दोन्ही टोकांना क्रॉस असतात, म्हणजे तिरक्या कोनातही फिरणारे सांधे. या सांध्याचा एक गुण आहे. कोनात फिरताना एका बाजूनं सारखा वेग दिला तरी दुसऱ्या बाजूला तो एका फेऱ्यात दोनदा कमीजास्त होतो. म्हणून दोन सांधे ठेवतात. पहिल्याची चूक दुसरा उलटी करून मिटवतो, नावे टाकलेली रक्कम जमेनं कटावी तशी. पण त्यासाठी शाफ्टच्या दोन्ही टोकांचे काटे एका रेषेत लागतात. शाफ्ट दोन तुकड्यांचा होता, मधे खाचांवर सरकणारा जोड. क्लचप्लेट बदलताना गिअरबॉक्स उतरवावा लागतो आणि त्यासाठी शाफ्ट काढावा लागतो. तो जोड सुटून परत बसवताना खाचे चुकले, तर काटे रेषेबाहेर जातात. मग जमा कुठेच नाही, दोन्ही नोंदी नावेच!

मिस्त्रींना गाडीखाली पाठवलं. त्यांनी शाफ्टवरचं ग्रीस आणि चिखल पुसला, तर दोन्ही तुकड्यांवर एकेक बाण कोरलेला. बाण समोरासमोर हवेत, ते पाव फेरा सरकलेले. जोड काढला, बाण जुळवले, परत बसवला. मजुरी 600 रुपये. थरथर गेली.

ड्रिफ्टमध्ये ती जास्त का होती, तेही कळलं. गाडी तिरकी सरकत ताशी 40 नं पुढे जात असेल, पण घसरणारी मागची चाकं ताशी 80 च्या वेगानंही फिरत असतात. शाफ्ट त्या हिशेबानं दुप्पट फिरतो, त्यावर जोर असतो, गाडीचा मागचा भाग दबल्यानं सांध्यांचा कोनही बदलतो. म्हणजे ड्रिफ्टनं दोष निर्माण केला नव्हता, आधीचा दोष मोठा करून दाखवला होता. आणि ते बरंच झालं. असाच चालू राहिला असता तर क्रॉस झिजून कधीतरी चालत्या गाडीत शाफ्ट तुटून खाली पडला असता. बायपासवर, भर गर्दीत.

आता माझं मत. घरात, गॅरेजात, ऑफिसात, काहीही बिघडलं की आपण जो डोळ्यांसमोर आहे त्याला आरोपी करतो. 1979 मध्ये तो नवा पोरगा होता, आता ड्रिफ्ट होतं. मुलगा सून बदललं असं म्हणणाऱ्या आमच्या पिढीनंही हे तपासून बघावं. शेवटचा ताळा कधी जुळला होता, हा प्रश्न आधी विचारला तर निम्मी भांडणं होणारच नाहीत.

दुसरं, मिस्त्रींना मी दोष देऊन मोकळा होणार नाही. मला त्यांनी सरळ सांगितलं, “साहब, दो घंटे सोचूं तो कौन पैसा देगा? टायर का तो सब देते हैं.” खरं आहे. भागाचे पैसे आपण बिनतक्रार देतो, पण कोणी तासभर नुसतं ऐकून, बघून, डोकं चालवून “काही बदलायची गरज नाही” म्हणाला, तर त्याला शंभर रुपये देताना आपला हात अडतो. मग तो भाग बदलणारच. छावणीतले आमचे जुने मिस्त्री लांब पेचकसाचं एक टोक इंजिनला लावून दुसरं कानाला लावायचे आणि डोळे मिटून उभे राहायचे. त्या उभं राहण्याचे पैसे आम्ही त्यांना कधीच दिले नाहीत. आता 600 च्या मजुरीवर मी नातवाला वेगळे 500 द्यायला लावले, निदानाचे म्हणून. मिस्त्रींनी आधी घेतले नाहीत, मग घेतले.

आणि मुलगा? मी त्याला काही बोललो नाही. नातवानं त्याला खाली वाकून ते दोन बाण दाखवले. तो बराच वेळ बघत होता. मग उठून म्हणाला, “चल, एक चक्कर मार.” परत येताना दोघं पोहे-जलेबी घेऊन आले. गाडी विकायचा विषय त्यानंतर निघालेला नाही.

तुमच्याकडेही अशी एखादी थरथर असेल, गाडीची किंवा घरातली, जिचं कारण भलतीकडेच निघालं. जरूर लिहा, वाचायला आवडेल.