झडतीलाही मर्यादा हवी

शिस्तीच्या नावाखाली विद्यार्थ्यांची सरसकट झडती घेण्याचा अधिकार कोणत्याही शाळेला असता कामा नये. शहापुरातील एका शाळेत जुलै २०२५ मध्ये स्वच्छतागृहातील रक्ताच्या डागांवरून, कोणाला पाळी आली आहे हे शोधण्यासाठी मुलींची कपडे उतरवून तपासणी झाली. मुख्याध्यापिकेला ‘पोक्सो’खाली अटकही झाली. प्रश्न तेवढ्याने मिटत नाही.

अशा धाकाने मुली पाळीची अडचण शिक्षिकेला सांगणेच टाळतील, त्या दिवसांत शाळा बुडवतील.

खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ सदस्यीय घटनापीठाने २०१७ मध्ये एकमताने दिला. तो अल्पवयीनांनाही लागू आहे. शिक्षण विभागाने सर्व शाळांना लेखी नियम बांधून द्यावेत: ठोस संशयाविना दप्तर उघडू नये, उघडल्यास पालकांना त्याच दिवशी कळवावे आणि शिक्षकांकडून होणारी अंगझडती पूर्णपणे बंद करावी.