सहा मिनिटांचा पाठ

मुलगी पदवीधर झाली, की घरातली वडीलधारी मंडळी हमखास म्हणतात, "आता बी.एड. करून टाक. बाई होशील, घर सांभाळून नोकरी होईल." या ‘करून टाक’मध्येच सारी गफलत आहे. दिवाळीच्या करंज्या एका दुपारी करून टाकता येतात. मास्तरकी तशी करून टाकता येत नाही.

पूर्वी हा अभ्यासक्रम एका वर्षाचा होता. २०१५ सालापासून तो दोन वर्षांचा झाला. वर्गात शेकडा ८० आणि शाळेतल्या आंतरवासितेत शेकडा ९० हजेरी हवी, असा नियम आहे. आंतरवासिता म्हणजे एकूण वीस आठवडे खऱ्या शाळेत, खऱ्या मुलांपुढे उभे राहणे.

त्याआधी असतो सूक्ष्म पाठ. समोर मुले नसतात. आपलेच सोबती सातवीतली पोरे होऊन बसतात. प्रश्न विचारणे, फळ्यावर लिहिणे, दाखले देणे, यांपैकी एकाच कौशल्याची उजळणी. सहा मिनिटे पाठ, सहा मिनिटे त्याची चिरफाड, बारा मिनिटे नवी आखणी, पुन्हा सहा मिनिटे पाठ आणि सहा मिनिटे चर्चा. छत्तीस मिनिटांत भल्याभल्या एम.ए.वाल्यांना कळते, की आपल्याला विषय येतो, पण सांगता येत नाही!

तालुक्याच्या गावच्या छोट्या महाविद्यालयाची खरी मातब्बरी इथेच आहे. पन्नासांची एकच तुकडी. कोणाचे पाठ टाचण दुसऱ्याच्या वहीतून उतरले आहे, कोण फळ्याकडे तोंड करून बोलते, हे प्राध्यापकांना पहिल्या महिन्यातच ठाऊक होते. तिथे लपायला जागा नसते. मात्र अशाच छोट्या जागी कधी कधी एक दुसरी ‘सोय’ही कानावर घातली जाते: "फी भरा, परीक्षेला तेवढे या." पालकांना ती फार सोयीची वाटते. संसारी मुलीला तर वाटतेच वाटते.

म्हणून प्रवेशापूर्वी चौकशी करावी. राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेची मान्यता आहे ना? सरावपाठ कोणत्या शाळेत होतात? आणि पाठ चालू असताना मागच्या बाकावर निरीक्षणाला कोणी बसते का, की शेरे घरीच लिहिले जातात?

पुढची वाटही आधीच पाहून ठेवावी. ११ ऑगस्ट २०२३ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानुसार पहिली ते पाचवीच्या वर्गांसाठी बी.एड. चालत नाही, तिथे डी.एल.एड. लागते. सहावी ते आठवीसाठी शिक्षक पात्रता परीक्षा आहे. भरतीसाठी अभियोग्यता चाचणी वेगळीच. एवढे करून निवड झाली, तरी पहिली तीन वर्षे शिक्षण सेवक. माध्यमिक शाळेत त्याचे मानधन २०२३ साली महिना १८,००० रुपये ठरले. ही गणिते लग्न जुळवताना नव्हे, फी भरताना मांडावीत.

यावर कोणी म्हणेल, "मग हजेरीची एवढी कटकट कशाला?" त्याचे उत्तर सोपे आहे. एकही पाठ न घेता पदवी मिळवलेली बाई कोठे तरी वर्गावर उभी राहणारच. त्या वर्गात चाळीस मुले असतील. त्यांना अपूर्णांक कळले नाहीत, तर घरी ‘ढ’ म्हणून धपाटे त्यांनाच बसतील. बाईंच्या हजेरीपटाची चौकशी कोणी करणार नाही. आणि त्या चाळिसांत एखादे मूल आपल्याही घरचे असेल.