टाकी कधी तपासली, ते टाकीवरच लिहा

महामार्गालगतच्या गावांना, वाहनचालकांना आणि टँकरमालकांना



लोटे-परशुरामच्या रासायनिक वसाहतीजवळ माझं वेल्डिंगचं दुकान आहे. गेल्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर सल्फ्युरिक ॲसिडचा एक रिकामा टँकर दारात येऊन उभा राहिला. टाकीच्या बुडाशी, व्हॉल्व्हपासून वीतभर अंतरावर गंजाचा ओघळ आला होता. सोबतचा माणूस म्हणाला, "भाऊ, हातभर ठिगळ मारून दे, संध्याकाळी भरायला लावायचाय." रंग खरवडावा म्हणून मी छिन्नी टेकवली. हातोडी उचलायच्या आतच टोक पत्र्यातून आत गेलं.

मी काम नाकारलं. टँकर दुसऱ्या दुकानात गेला. दोन दिवसांनी तोच टँकर भरलेला, परशुराम घाट उतरताना पाहिला. ठिगळावर ताजा पिवळा रंग होता. माझ्या पुढे शाळेच्या मुलांची रिक्षा होती. त्या दिवसापासून हे पत्रक डोक्यात आहे.

तीव्र सल्फ्युरिक ॲसिड साध्या लोखंडी टाकीतून नेता येतं. पत्र्यावर एक थर धरतो आणि तोच पत्र्याला राखतो. पण त्यात पाणी शिरलं, की पातळ झालेलं ॲसिड लोखंड खायला लागतं. आपल्या कोकणात पाणी शिरायला काय लागतं? मॅनहोलचं झाकण नीट बसलं नाही, टाकी धुऊन कोरडी केली नाही, जूनमधली दमट हवा आत गेली, एवढं पुरतं. लोखंड खाताना हायड्रोजन तयार होतो आणि रिकाम्या टाकीत कोंडून राहतो. अशा टाकीला वेल्डिंगची एक ठिणगी लागली तर वेल्डरचं काय होतं, हे आमच्या धंद्यात सगळ्यांना माहीत आहे. हायड्रोक्लोरिक ॲसिडला तर उघडं लोखंड चालतच नाही, आत रबराचं अस्तर लागतं. ते एका जागी फाटलं की पत्रा झपाट्याने जातो, आणि बाहेरून बघणाऱ्याला फक्त चकचकीत रंग दिसतो.

गॅसच्या टँकरला मात्र कायद्याचा धाक आहे. दाबाखालच्या टाक्यांसाठी 2016 चे नियम आहेत. नागपूरला मुख्यालय असलेल्या 'पेसो'ची, म्हणजे केंद्राच्या पेट्रोलियम आणि स्फोटक सुरक्षा संघटनेची, मंजुरी लागते, टाकी मान्य आराखड्याप्रमाणेच बांधावी लागते, आणि दर 5 वर्षांनी पाण्याच्या दाबाची चाचणी करावी लागते. वायू विषारी किंवा गंज चढवणारा असेल तर दर 2 वर्षांनी. नियम कागदावरच राहतात असं म्हणणाऱ्यांनी लांज्याजवळचा अंजणारी पूल आठवावा. 22 सप्टेंबर 2022 रोजी एलपीजीचा टँकर तिथून काजळी नदीत कोसळला. चालक गेला, महामार्ग दिवसभराहून जास्त बंद राहिला. पण स्फोट झाला नाही. एवढ्या उंचीवरून पडूनही गावं वाचली, याचं मोठं श्रेय मी त्या टाकीच्या बांधणीला देतो.

नुसता जाड पत्राही पुरत नाही. 20 डिसेंबर 2024 ला जयपूरजवळ भांकरोट्याला वळणाऱ्या गॅस टँकरवर ट्रक आदळला. टाकीचे नोझल तुटले, गॅस रस्त्यावर पसरला आणि रांगेतल्या गाड्या पेटल्या. वीसेक माणसं गेली. म्हणून टाकीबाहेर येणाऱ्या प्रत्येक नळीला, प्रत्येक व्हॉल्व्हला धक्का सोसणारं संरक्षण हवं, आणि तेही तपासलं जायला हवं.

आता माझा मुद्दा. ॲसिड दाबाखाली नेत नाहीत, म्हणून ते गॅसच्या नियमांत बसत नाही. ते पेट्रोलियमही नाही, म्हणून त्या नियमांतही बसत नाही. उरतं काय? मोटार वाहन नियमांप्रमाणे तीन बाजूंना धोक्याचा फलक, चालकाचं प्रशिक्षण आणि आरटीओचं फिटनेस. हे सगळं हवंच. पण फिटनेसला ब्रेक, दिवे, टायर, स्टिअरिंग बघतात. पत्रा किती मिलिमीटर उरला आहे, हे तिथे कोणी मोजत नाही.

अमेरिकेत ॲसिडसारख्या गंजवणाऱ्या द्रवांच्या टाक्यांसाठी बांधणीची वेगळी संहिता आहे. उलटल्यावर वरच्या झाकणांना राखणारं संरक्षण त्यात सक्तीचं आहे. अस्तर नसलेल्या टाकीच्या पत्र्याची जाडी दर 2 वर्षांनी मोजावी लागते. आणि मला सगळ्यात पटलेली गोष्ट अशी, की कोणती चाचणी कुठल्या महिन्यात, कुठल्या वर्षी झाली, ते टाकीच्या अंगावर 32 मिलिमीटर उंच अक्षरांत लिहावं लागतं. फाईलमध्ये नाही. टाकीवर.

सरकारकडे आमची मागणी एवढीच आहे. ॲसिड आणि इतर घातक द्रवांच्या टाक्यांना बांधणीची सक्तीची संहिता करा. जाडी मोजणारा आणि दाखला देणारा तपासनीस टँकरमालकाच्या पगारावर नसावा. आणि शेवटच्या तपासणीचा महिना नि वर्ष टाकीच्या मागच्या बाजूला मोठ्या अक्षरांत, मराठीत रंगवा. मागून येणाऱ्या दुचाकीवाल्याला ते वाचता आलं पाहिजे.

टँकरमालक म्हणतील, खर्च वाढेल. जाडी मोजायचं यंत्र हातात मावतं, आणि टाकी न कापता बाहेरूनच आकडा देतं. मापं घ्यायला फार तर अर्धा दिवस जाईल. कारखानदारांनी तर आजच ठरवावं, की दाखला पाहिल्याशिवाय टँकर भरायला घ्यायचा नाही. कायद्याची वाट बघायची त्यांना गरज नाही.

माझ्या वेल्डर भावांनो, टाकी धुऊन वायुमुक्त केल्याचा लेखी दाखला नसेल तर तिला हात लावू नका, मग पैसे कितीही मिळोत. तुम्ही नाही म्हटलं तर दुसरा करेल, हे खरं आहे. माझ्याही बाबतीत तेच झालं. म्हणूनच आपण सगळ्यांनी मिळून नाही म्हणायचं आहे.

या मागण्यांच्या ठरावाचा मसुदा पत्रकाच्या मागे छापला आहे. गावाचं नाव आणि तारीख भरून तो 15 ऑगस्टच्या ग्रामसभेत मांडा. मंजूर ठरावाची एक प्रत जिल्हाधिकाऱ्यांना आणि एक परिवहन आयुक्तांना पाठवा. तिसरी गावच्या चावडीवर लावा.

आपला,
महामार्गावरचा एक वेल्डर