जुनें यंत्र आणि नवी प्रतिष्ठा

वीस-पंचवीस वर्षें चाललेली स्कूटर अथवा मोटारसायकल दुरुस्त करून वापरणारा मनुष्य एक तर कवडीचुंबक असला पाहिजे, नाहीं तर छांदिष्ट, असा समज आमच्या सुशिक्षित वर्गांत अलीकडे दृढ झाला आहे. पहिल्यास लोक हंसतात, दुसऱ्याचें कौतुक करतात. पण दोघांचेंही करणें शहाणपणाचें असूं शकेल ही शंका कोणास शिवत नाहीं. आमचें म्हणणें असें कीं, जुन्या यंत्राची नीट पुनर्घडण करणें हें नवें विकत घेण्याहून पुष्कळदां अधिक शहाणपणाचें असतें. आणि त्याच्या आड येणारी मुख्य अडचण यंत्राची नसून कायद्याची व आमच्या प्रतिष्ठेच्या कल्पनांची आहे.

या वर्गाची स्मृति इतकी आखूड असावी याचें नवल वाटतें. इटलीच्या पियाजियो कंपनीशीं असलेला करार १९७१ सालीं संपला आणि १९७२ सालीं आकुर्डीच्या बजाज कारखान्यानें ‘चेतक’ बाजारांत आणली. परवान्यांच्या त्या राज्यांत पैसे भरून नंबर लागण्याची वर्षानुवर्षें वाट पाहावी लागे. मुलाच्या मुंजीच्या वेळीं नोंदविलेली गाडी तो कॉलेजांत जाऊं लागण्याच्या सुमारास दाराशीं येई, हें आम्ही केवळ विनोदानें म्हणत नाहीं. अशी गाडी कोणी मोडीत घालीत नसे. सिलिंडर झिजला कीं तो किंचित् बोअर करून घ्यावा, वाढीव मापाचा पिस्टन व नव्या रिंगा बसवाव्या. असें दोन-तीन वेळां झालें म्हणजे नवी स्लीव्ह घालावी. क्रँकचीं बेअरिंगें बदलावीं. पत्रा ठोकून, रंगवून घ्यावा. गाडी पुन्हां दहा वर्षें चाले. म्हैसूरचा आयडियल जावाचा कारखाना १९९६ सालीं बंद पडला. तरी ज्यांत गिअर व किक यांचा दांडा एकच, अशा त्या विलक्षण गाड्या आजही रस्त्यावर दिसतात. त्यांचे सुटे भाग कोण करतो? लहानसा लेथ घेऊन बसलेला, ज्याचें नांव कोणत्याही जाहिरातींत येत नाहीं असा कारागीर! ज्यांस हें पटत नसेल त्यांनीं नाना पेठेंतील सुट्या भागांच्या दुकानांतून किंवा एखाद्या रविवारीं पुण्याच्या जुन्या बाजारांतून एक फेरी मारावी. व्यापाऱ्यांस मात्र या गाड्यांचें नांव तेवढें हवें असतें. ‘जावा’ हें नांव २०१८ सालीं नव्या मोटारसायकलीवर आणि ‘चेतक’ हें २०२० सालीं विजेच्या स्कूटरवर चढलें. नांव दुकानांत आणि यंत्र भंगारांत, अशी ही वांटणी आहे.

आतां कायद्याकडे वळूं. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमानें निर्मात्याच्या मूळ तपशिलाशीं विसंगत असा बदल वाहनांत करण्यास मनाई आहे. सर्वोच्च न्यायालयानें जानेवारी २०१९ मध्यें तीच गोष्ट ठामपणें सांगितली. त्याच वर्षीं कायद्यांत दुरुस्ती होऊन असा अनधिकृत बदल करणाऱ्या मालकास सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दर बदलामागें ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही शिक्षा ठरल्या. उलट २०२१ च्या धोरणान्वयें गाडी मोडल्याचा दाखला आणून नवी घेणाऱ्यास वाहनकरांत २५ टक्क्यांपर्यंत सूट देण्याची तरतूद आहे. दुचाकीची नोंदणी पंधरा वर्षांनीं नवी करण्याची फी तर २०२२ सालीं ३०० रुपयांवरून १,००० वर नेली. म्हणजे मोडील त्यास बक्षीस, राखील त्यास भुर्दंड, सुधारील त्यास तुरुंग! ५० वर्षें टिकलेली गाडी ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवावी, तर तिला रोजच्या कामास बाहेर काढावयाचें नाहीं. देव्हाऱ्यांतील टाक आणि ती सारखीच.

यावर ठराविक उत्तर येतें तें धुराचें. हा आक्षेप खोटा नाहीं. टू-स्ट्रोक इंजिनांत आंत येणारें ताजें मिश्रणच जळलेला वायु बाहेर ढकलतें, आणि त्या गडबडींत त्यांतील कांहीं भाग न जळतांच निसटतो. शिवाय पेट्रोलांत मिसळलेलें ऑइलही जळतें. परंतु निळ्या धुराचे जे लोट आपण पाहतों त्यांत झिजलेल्या रिंगांचा, कार्बननें कोंदलेल्या सायलेन्सरचा आणि ‘इंजिन टिकावें’ म्हणून मापाहून अधिक ऑइल ओतणाऱ्या मालकाचा वांटा मोठा असतो. हे दोष वयाचे नव्हेत, निष्काळजीपणाचे आहेत, आणि पुनर्घडणीनें जातात ते नेमके हेच. मग धूर मोजावयाचें सोडून वय कां मोजतां? धूर तपासण्याचें यंत्र पेट्रोल पंपापंपावर आहे. तरीही दिल्लींत १० वर्षांवरील डिझेलच्या आणि १५ वर्षांवरील पेट्रोलच्या गाड्या चालूं देऊं नयेत असा हुकूम २०१८ सालीं झाला. २०२५ सालीं त्याची धार कांहींशी बोथट करावी लागली. नव्या गाडीचें पोलाद वितळवितांना होणारा धूर ग्राहकाच्या नाकापर्यंत पोंचत नाहीं, म्हणून तो हिशेबांत धरावयाचा नाहीं, हा न्याय आम्हांस समजत नाहीं.

मूळ रूपांत फेरफार करणाऱ्या सर्वांचा कैवार आम्ही घेतला आहे असें मात्र कोणी समजूं नये. सायलेन्सर काढून मध्यरात्रीं पेठ दणाणून सोडणारा तरुण दंडास पात्रच आहे. परंतु जुन्या ड्रम-ब्रेकच्या जागीं चांगला डिस्क-ब्रेक बसविणारा, मिणमिणता दिवा काढून लख्ख दिवा लावणारा, अशा गृहस्थानें काय अपराध केला? विजेवर किंवा दुसऱ्या इंधनावर गाडी चालविण्यासाठीं मंजूर साहित्यानें इंजिन बदलण्याची मुभा तोच कायदा देतो. मग ब्रेकनेंच काय घोडें मारलें आहे? १९६६ पासून वाहनांची परीक्षा करणारी एआरएआय संस्था पुण्यांतच, वेताळ टेकडीवर आहे. पुनर्घडण केलेल्या दुचाकीची चौकट, ब्रेक, दिवे आणि धूर यांची कसोटी तिनें एकदां लिहून द्यावी. उतरेल त्या गाडीस नंबर मिळावा, न उतरेल ती खुशाल भंगारांत जावी.

तोंपर्यंत, घरांतील जुनी गाडी भंगारवाल्याच्या स्वाधीन करण्यापूर्वीं वाचकांनीं ती एकदां बोअरिंगवाल्याकडे नेऊन सिलिंडर मापून घ्यावा. त्याच्या दुकानाचा पत्ता शेजाऱ्यास ठाऊक नसेल, वडिलांस विचारावा.