स्टड नगावर मोजू नका

आटपाडीच्या एका बॉयलर ऑपरेटरचे पत्र या महिन्यात आले आणि पाठोपाठ त्याच तक्रारीची आणखी पत्रे. माणगंगा साखर कारखान्याचे धुराडे थंड पडल्यावर हे ऑपरेटर बाहेरच्या एका कारखान्यात एएफबीसी (वाळूच्या उकळत्या बेडवर इंधन जाळणाऱ्या) बॉयलरवर लागले. तिथे हंगामाच्या ४० व्या दिवशी बेड कॉइल, म्हणजे बेडमधून जाणारी पाण्याची ट्यूब, फुटली. ऑफ सीझनमध्ये याच कॉइलवर नवे स्टड, म्हणजे ट्यूबची झीज वाचवणाऱ्या धातूच्या खुंट्या, बसवले होते! बेड उपसून आत गेल्यावर दिसले, की निम्मे स्टड मुळापासून गळालेले आणि ते जिथे गळाले नेमके तिथेच ट्यूबचे खालचे अंग वाळूने खाऊन कागदासारखे झालेले.

कारण शोधायला तज्ज्ञ बोलवावा लागला नाही. स्टड वेल्डिंग गनने मारलेच नव्हते. साध्या रॉडने कडेकडेने वेल्ड फिरवली होती. अशा वेल्डमध्ये स्टडचा मधला भाग ट्यूबला चिकटत नाही. मग स्टडची उष्णता ट्यूबमधल्या पाण्यात उतरणार कुठून? ८५०-९०० अंशांच्या बेडमध्ये तो जळणारच. गनने मारलेला स्टड पूर्ण तोंडाने वितळून बसतो, म्हणून टिकतो आणि झिजायचे ते ट्यूबऐवजी स्वतः झिजतो.

हे आपल्यापैकी प्रत्येकाला ठाऊक आहे. तरीही निविदेत काय लिहिलेले असते? स्टड, इतके नग, दर प्रति नग. वेल्डिंगची पद्धत नाही, धातूची प्रत नाही, चाचणीचा उल्लेख नाही. भांडार विभागाच्या लेखी स्टड म्हणजे वॉशर आणि पॅकिंगच्या रांगेतली वस्तू. सर्वांत कमी दरवाल्याला काम मिळते, बिल नगावर निघते, म्हणून तो नग भरून देतो.

सरकारी बाजू याहून वैताग आणणारी आहे. स्टड बदलणे ही दुरुस्ती आहे की नाही? बाष्पके विभागाच्या एका कार्यालयात उत्तर मिळते, की स्टड दाबाखालचा भाग नाही, परवानगी कशाला? दुसऱ्या कार्यालयातून तसाच अर्ज ड्रॉइंग, वेल्डरचे प्रमाणपत्र आणि पूर्वसंमती मागत परत येतो. आमचे मत दुसऱ्याच्या बाजूचे आहे. स्टड दाबाखाली नसेल, पण तो ज्या ट्यूबवर वितळवायचा ती दाबाखालीच आहे. मात्र हे एकदा परिपत्रक काढून सांगा. १९२३ चा बॉयलर कायदा जाऊन २०२५ चा आला, तरी हा साधा प्रश्न साहेब बदलला की नव्याने विचारावा लागतो. अर्ज फिरत असतो आणि इकडे अग्निप्रदीपनाच्या पत्रिका छापून होतात. पाहुण्यांची तारीख कोणी हलवत नाही, मग हायड्रोटेस्ट उरकली जाते.

पण साहेबांवर खापर फोडून आपण सुटत नाही. गाळप मार्चच्या आसपास आटोपते, मग अर्ज सप्टेंबरात का जातो? मागच्या तीन वर्षांच्या थिकनेस रीडिंगची वही किती चीफ इंजिनिअर दाखवू शकतील? ‘ठेकेदार जुना आहे, बघून घेईल’ हे वाक्य आम्ही इतक्या वेळा ऐकले आहे, की त्याचा संताप येतो.

मित्रहो, या वेळी बॉयलर थंड झाला की त्याच आठवड्यात कॉइलची जाडी मोजा, खालच्या अंगाची आधी. नव्या स्टडचे काम सुरू करण्यापूर्वी ठेकेदाराकडून ट्यूबच्या जुन्या तुकड्यावर दोन नमुने मारून घ्या. एक हातोड्याने वाकवा, दुसरा मधोमध कापून पाहा. वेल्ड तुटली किंवा आत पोकळी दिसली, तर गडी आणि गन दोन्ही परत पाठवा. संचालक मंडळ दराबद्दल विचारेल, तेव्हा कापलेला तुकडा त्यांच्या टेबलावर ठेवा. फायरिंग फ्लोअरवर उभ्या असणाऱ्या माणसाच्या जिवाचा हा प्रश्न आहे.

आणि एक विनंती. स्टडच्या अर्जावर आपल्या भागातल्या बाष्पके कार्यालयाने दिलेल्या लेखी उत्तराची प्रत पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत आमच्याकडे पाठवा. आलेली सगळी उत्तरे एकत्र बांधून आम्ही स्वतः बाष्पके संचालकांकडे नेऊन देणार आहोत.