पाच गावे आणि एक गडगा

भूमध्य समुद्र म्हटला की डोळ्यांपुढे निळे पाणी, रंगीबेरंगी छत्र्या आणि उन्हात पाठ शेकत पडलेली गोरी मंडळी उभी राहतात. उन्हाचे अप्रूप त्यांना! आपल्याला ते बाराही महिने फुकट मिळते. त्यामुळे गेल्या मे महिन्यात इटलीचा बेत ठरला तेव्हा आमच्या सौभाग्यवतींनी विचारले, "इतके पैसे मोडून तिथेही ऊनच खायचे का?" प्रश्न अगदी रास्त होता.

त्याचे उत्तर मिळाले लिगुरियाच्या किनाऱ्यावर. ला स्पेत्झिया या बंदरापासून जवळच, डोंगर थेट समुद्रात उतरतो तिथे, मोंतेरोस्सो, व्हेर्नात्झा, कोर्निलिया, मानारोला आणि रिओमाज्जोरे अशी पाच चिमुकली गावे आहेत. पाचांना मिळून म्हणतात 'चिंक्वे तेर्रे', म्हणजे पाच भूमी. आगगाडी एका बोगद्यातून निघते ती दुसऱ्यात शिरते, मधे क्षणभर समुद्र दिसतो आणि मुले "दिसला, दिसला!" म्हणेपर्यंत पुन्हा अंधार. खंडाळ्याचा घाट पाहिलेल्यांना निराळे सांगायला नको.

गावे चित्रातल्यासारखीच आहेत. गुलाबी, पिवळी, केशरी घरे एकमेकांच्या खांद्यावर बसल्यासारखी. पण गर्दी! मानारोलाच्या धक्क्यावर आम्ही तिघे-चौघे एका दगडावर टेकलो, तर मागे छायाचित्र काढणाऱ्यांची रांग लागली. सौभाग्यवती म्हणाल्या, "चला, वर जाऊ. वर कोणी नसेल."

वर खरेच कोणी नव्हते. मानारोलापासून पायऱ्यांची उभी वाट व्होलास्त्रा या गावाला जाते. पोटऱ्या भरून आल्या, पण वर पोचल्यावर ऑलिव्हची झाडे, दगडी चर्च, शांतता आणि खाली अथांग निळे पाणी. तिथून कोर्निलियाकडे द्राक्षबागांतून अरुंद पाऊलवाट जाते. आमच्या प्रश्नाचे उत्तर या वाटेवर होते.

वाटेत एक म्हातारे गृहस्थ पडलेली भिंत पुन्हा रचत होते. भिंतीला चुना नाही, सिमेंट नाही, दगडावर दगड. कोकणात ज्याला गडगा म्हणतात, तोच प्रकार. बरोबरचा नातू इंग्रजी जाणत होता, म्हणून बोलणे झाले. मी विचारले, "सिमेंट का घालीत नाही?" आजोबा हसले. म्हणाले, "पाण्याला वाट नको का?"

मग त्यांनी सगळे समजावून दिले. समोर मोठे दगड, मागे बारीक दगडांची भर. पाऊस पडला की पाणी भिंतीतून झिरपून जाते. वाट अडवली तर तेच पाणी मागून रेटा देते आणि भिंत फुगून कोसळते. एक कोसळली की तिची माती खालच्या भिंतीवर, ती आणखी खालच्या भिंतीवर. हा सारा डोंगर सुमारे हजार वर्षे माणसांनी असा पायरीपायरीने बांधत आणला आहे. परदेशी पाहुणे ज्याला निसर्गसौंदर्य म्हणतात ती खरे तर हातांची मेहनत आहे.

हे हात कमी कसे झाले? एकोणिसाव्या शतकात ला स्पेत्झियाला आरमाराची गोदी झाली, १८७० नंतर आगगाडी आली, आणि पाठीवर द्राक्षांच्या पाट्या वाहण्यापेक्षा तरुणांना पगार बरा वाटला. त्यात नवल ते काय? आपल्या गिरणगावात कोकण कसे आले, हे आपण जाणतोच. पुढे १९९७ साली 'युनेस्को'ने या किनाऱ्याला जागतिक वारसा म्हटले, १९९९ साली राष्ट्रीय उद्यान झाले, आणि पाहुण्यांची रीघ लागली. आता खोली भाड्याने दिली की घर चालते. बाग कोण करणार?

२५ ऑक्टोबर २०११. आपल्याकडे दुसऱ्या दिवशी लक्ष्मीपूजन होते. त्या दुपारी इथे काही तासांत भयंकर पाऊस कोसळला. व्हेर्नात्झा आणि मोंतेरोस्सोच्या गल्ल्यांतून चिखल आणि दगड वाहत आले, तळमजले बुजले, माणसे दगावली. इतक्या पावसापुढे कोणतीही भिंत टिकली असती असे म्हणवत नाही. पण बेवारस उतार अधिक धोक्याचे, हे आता तिथे सगळे जाणतात. २०१८ साली अशा कोरड्या भिंती रचण्याची कला 'युनेस्को'च्या वारशाच्या यादीत गेली. यादीत गेली खरी. दगड मात्र अजून हातानेच उचलावा लागतो.

मी नातवाला विचारले, "तू शिकतोस का हे?" तो म्हणाला, "शनिवार-रविवारी." आजोबांना भाषा कळली नाही, पण उत्तर कळले असावे. त्यांनी एक चपटा दगड नातवाच्या हाती दिला. नातवाने तो दोनदा फिरवून बसवला. आजोबांनी काढला, उलटा केला आणि पुन्हा त्याच्याच हाती ठेवला.

वाचकहो, भूमध्य समुद्राकाठी जाल तेव्हा एक दिवस किनारा सोडून वरच्या गावाला जा. तिथल्या बागेतली द्राक्षे किंवा ऑलिव्हचे तेल चार पैसे अधिक देऊन घ्या. भिंत त्यावरच उभी आहे. आणि या दिवाळीत गावी जाणार असाल, तर घराचे कुलूप उघडण्याआधी परसातल्या गडग्याकडे एकदा पाहून या. एखादा दगड निखळला असेल.